डीएनएमधलं जनुक सिग्नल प्रोसेसिंगने कसं शोधतात?

माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत, पण अक्षरांचे प्रकार चारच: ए, टी, जी आणि सी. यातल्या जेमतेम एक-दीड टक्का भागात प्रथिनं कशी बनवायची याची माहिती असते. त्याला कोडिंग भाग म्हणतात. मध्ये ना स्पेस, ना पूर्णविराम. मग हा भाग ओळखायचा कसा?

गाण्याच्या ॲपमध्ये आवाजाबरोबर पट्ट्या नाचताना तुम्ही पाहिल्या असतील. त्यामागे जे गणित असतं, म्हणजे फूरिए ट्रान्सफॉर्म, तेच इथेही चालतं.

तीनचा ठेका

कोडिंग भागात तीन-तीन अक्षरांचा गट असतो. त्याला कोडॉन म्हणतात. कोडॉनमधल्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी चारही अक्षरं सारख्या प्रमाणात येत नाहीत. त्यामुळे दर तीन अक्षरांनी एक हलका ठेका तयार होतो. बाकीच्या भागात तो सहसा नसतो.

आमच्या भिंगारला गणपतीत लांबून ढोल ऐकू आले, की गाणं कुठलं ते कळत नाही, पण ठेका बरोबर कळतो. इथेही तसंच आहे. अर्थ न वाचता फक्त ठेका पकडायचा.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा

आधी अक्षरांचे आकडे करायचे. जिथे जी आहे तिथे १, बाकी ठिकाणी ०. असंच चारही अक्षरांसाठी. मग तीनच्या ठेक्याची ताकद काढायची. त्यासाठी सूत्र अगदी सोपं होतं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या जागी एखादं अक्षर क, ख, ग वेळा आलं, तर:

ताकद = क² + ख² + ग² − कख − खग − गक

समजा १०० जी आहेत. ते ६०, २०, २० असे विभागले असतील तर उत्तर येतं १६००. ३३, ३३, ३४ असे असतील तर उत्तर फक्त १! चारही अक्षरांच्या ताकदीची बेरीज करायची आणि ठरावीक लांबीची खिडकी डीएनएवरून पुढे सरकवत न्यायची. ग्राफ जिथे वर जातो, तिथे जनुक असण्याची शक्यता जास्त.

भारतातलं काम

१९९७ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या तिवारी, रामचंद्रन, आलोक आणि सुधा भट्टाचार्य व रामकृष्ण रामस्वामी यांनी याच पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तीनच्या ठेक्याचा उंचवटा सरासरीच्या निदान चौपट असेल तर तो भाग कोडिंग समजायचा, असा त्यांचा ढोबळ नियम होता. मोठा फायदा म्हणजे त्या जीवाची आधीची माहिती लागत नाही. नवीन जंतूचा डीएनए हातात आला तरी काम सुरू करता येतं.

कुठे फसतं?

हिमोग्लोबिनचा बीटा भाग बनवणारं जनुक घ्या. त्याचे कोडिंग तुकडे तीन: ९२, २२३ आणि १२९ अक्षरांचे. पहिल्या दोघांमध्ये १३० कोडिंग नसलेली अक्षरं. नेहमी वापरतात ती ३५१ अक्षरांची खिडकी लावली, तर पहिला तुकडा, मधली जागा आणि दुसऱ्याचा काही भाग एकाच खिडकीत येतो. सगळं एकमेकांत मिसळतं. खिडकी लहान केली तर ग्राफ नुसता थरथरतो.

आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत कित्येक कुटुंबांना छळणारा सिकलसेल आजार ज्या बदलामुळे होतो, तो नेमका याच ९२ अक्षरांच्या तुकड्यात आहे. एका ए च्या जागी टी, बस! एका अक्षराने ठेका काही बदलत नाही. म्हणजे ही पद्धत जनुक कुठे असेल ते सांगते, ते बिघडलंय का हे सांगत नाही. सिकलसेलसाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी रक्ताची तपासणीच हवी.

म्हणून आज हा ठेका एकटा वापरत नाहीत. हिडन मार्कोव्ह मॉडेल, आरएनएचा डेटा आणि आधी माहीत असलेली जनुकं यांच्याशी तो पडताळून बघतात.

सुरुवात कुठून करायची?

एनसीबीआयच्या वेबसाइटवर 'एचबीबी' हे जनुक शोधा. डेटा फुकट मिळतो. गूगल कोलॅब फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतं. वरचं सूत्र पायथनच्या मोजक्या ओळींत बसतं. खिडकी आधी ३५१ ठेवा, मग ९९ करा आणि दोन्ही ग्राफ शेजारी-शेजारी ठेवून बघा.