दादाचा तोटा, चेन्नईचा सर्व्हर आणि दोन छत्रपती

ज्यांचा एपिसोड ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

२४ फेब्रुवारी २०२१. कोविडमुळे मी वडूजला घरूनच काम करत होतो. बाहेरच्या खोलीत माझा चुलतभाऊ मोबाईलवर इंट्राडे खेळत बसलेला. आम्ही त्याला दादाच म्हणतो. पावणेबाराच्या सुमारास त्याची हाक आली, "आरं, नेट गेलं का?" नेट गेलं नव्हतं. मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच थांबलं होतं. टेलिकॉमच्या लिंक गडबडल्या आणि रिस्क तपासणारी यंत्रणा बंद पडली, असं एनएसईनं सांगितलं.

बीएसई चालू होती. पण एनएसई कधी उघडणार? काही कळेना. इंट्राडेचा सौदा तर त्याच दिवशी मिटवावा लागतो. म्हणून काही ब्रोकरांनी गिऱ्हाइकांचे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाला उरकले. आणि मग पावणेचारला एनएसई उघडलं, पाचपर्यंत चाललं! दादाचा सौदा तोवर तोट्यात कापला गेला होता. रात्री जेवताना त्यानं मला विचारलं, "तू डेटाबेसवाला ना? एवढ्या मोठ्या बाजाराला दुसरी मोटार नाय व्हय रं?"

होती की. चेन्नईत. (जिंजीचा किल्ला तिथून काही तासांवर. रायगडाला वेढा पडल्यावर १६८९ मध्ये राजाराम महाराजांनी कारभार तिकडंच हलवला होता.) पण त्या दिवशी एनएसईनं कारभार चेन्नईला हलवलाच नाही.

का हलवत नाहीत लोक? हे मला दादाला नीट सांगता आलं नव्हतं, म्हणून आज सांगतो.

मुख्य डेटाबेसमध्ये जे जे घडतं त्याची नोंदवही, म्हणजे लॉग, सतत स्टँडबायकडं जात असते. तो ती वाचून स्वतःची प्रत ताजी ठेवतो. सगळं ठीक असताना भूमिका बदलायच्या तर मुख्य डेटाबेस नवीन नोंदी थांबवतो, शेवटचा लॉग पाठवतो आणि स्वतः स्टँडबाय होतो. दुसरा मुख्य होतो. काही हरवत नाही. हा स्विचओव्हर. फेलओव्हर म्हणजे मुख्य मेल्यावर घाईनं दुसऱ्याला गादीवर बसवणं. मग वाटेत राहिलेल्या नोंदी गेल्या.

त्याहून वाईट म्हणजे पहिला मेलेलाच नसतो. नुसती लिंक तुटलेली असते. मग दोघंही स्वतःला मुख्य समजून नोंदी घेत सुटतात. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात, आणि आपल्या भागाला तो नवा नाही. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा इकडं ताराराणी मुलाच्या नावानं राज्य चालवत होत्या. दोन्ही बाजूंचा हक्क खरा, सरदारांनी हुकूम कोणाचा मानायचा? सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. त्यांची हद्द वारणेच्या तहानं ठरायला १७३१ साल उजाडलं! म्हणून दुसऱ्याला बसवण्याआधी पहिल्याचं लिहिणं बंद झालंय याची खात्री करतात. रात्री तीन वाजता ती खात्री करणारा इंजिनिअर घामाघूम होतो, अनुभव आहे.

त्यातून स्टँडबाय कधी चालवूनच बघितलेला नसेल तर हात आणखी कापतो. विहिरीवरची जादा मोटार दोन वर्षं बंद ठेवा आणि ऐन उन्हाळ्यात बटण दाबा, काय होतं ते आमच्या खटाव तालुक्यात कोणालाही विचारा.

मार्च २०२१ मध्ये सेबीनं नियम कडक केले. बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत यंत्रणा उभी करायची. २ मार्च २०२४ ला, शनिवारी, मुद्दाम बाजार उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य साइटवरून, मग स्विचओव्हर, आणि साडेअकरा ते साडेबारा पर्यायी साइटवरून. खरे पैसे, खरे सौदे.

दादानं इंट्राडे कधीच सोडलंय. पण त्या शनिवारी साडेअकरानंतर त्यानं एकच शेअर घेतला आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "चेन्नईतनं घेतला."