स्क्रीन सगळ्याजणींना दिसली पाहिजे



आपल्यापैकी बऱ्याच गटांचं दप्तर आता संगणकावर गेलं आहे. बचत, कर्ज, हप्ता, व्याज, सगळं तिथेच. वही होती तेव्हा ती बैठकीत हातोहात फिरायची. जिला वाचता येत नव्हतं तीही आपल्या नावासमोरचा आकडा बरोबर ओळखायची. स्क्रीन अशी फिरत नाही. तिच्यासमोर एकजण बसते आणि बाकीच्या नऊजणी तिच्या सांगण्यावर माना डोलावतात. पैसा दहाजणींचा आणि बघणारी एक, हे काही बरं नाही. म्हणून आज आम्ही तुम्हाला स्क्रीनचा इतिहास सांगणार आहोत. ती आली कुठून, आणि एका वेळी किती जणींना नीट दिसते, एवढ्यापुरताच.

सुरुवातीला संगणकाला स्क्रीन नव्हतीच. अमेरिकेत १९४६ साली एनिआक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक लोकांपुढे आला. त्याच्याकडून गणितं करून घेण्याची जुळणी, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रॅमिंग, सहा स्त्रियांनी केली होती. उत्तर मिळायचं ते छिद्रं पाडलेल्या कार्डांवर. कार्ड हातात घ्यायचं आणि तपासायचं.

स्क्रीनचं मूळ मात्र याच्याही आधीचं आहे. फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली एक काचेची नळी बनवली. नळीतली हवा काढून टाकायची, मागच्या टोकाकडून विजेच्या बारीक कणांचा झोत सोडायचा आणि समोरच्या काचेला आतून खास लेप द्यायचा. झोत जिथे आदळेल तिथे लेप चमकतो. याच नळीतून पुढे टीव्ही झाला आणि संगणकानेही तीच उचलली. झोताला पसरायला मागे जागा लागते, म्हणून जुने टीव्ही आणि मॉनिटर पेटीसारखे खोल असायचे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं, तेव्हा एका टीव्हीसमोर किती माणसं बसायची ते आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल. कोणी खाली सतरंजीवर, कोणी ओट्यावर, कोणी दारात. तरी चित्र सगळ्यांना सारखंच दिसायचं. ब्राउनच्या नळीचा हा मोठा गुण होता. तिची काच स्वतः उजळायची, त्यामुळे बाजूने बघितलं तरी चित्र बिघडत नसे.

मग आली सपाट स्क्रीन, एलसीडी. तिची गोष्ट गाजरापासून सुरू होते. प्रागमध्ये फ्रिडरिश रायनित्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८८ साली गाजरातून काढलेल्या द्रव्यावर ते काम करत होते. त्यापासून बनवलेला एक पदार्थ १४५ अंशांच्या आसपास वितळला, पण गढूळच राहिला. १७८ अंशांच्या पुढे गेल्यावर तो स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहायचा आणि स्फटिकासारखा वागायचाही. त्याला द्रव-स्फटिक म्हणतात. याचा स्क्रीनसाठी उपयोग व्हायला ऐंशी वर्षं लागली. १९६८ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने अशी पहिली स्क्रीन जाहीर केली.

द्रव-स्फटिक स्वतः उजळत नाही. मागे दिवा असतो आणि पुढचे स्फटिक खिडकीच्या तिरप्या पट्ट्यांसारखी उघडझाप करून उजेड सोडतात किंवा अडवतात. पट्ट्यांमधून समोरून आरपार दिसतं, खालून बघितलं तर पट्टीच आड येते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या टीएन प्रकारच्या स्क्रीनचं तसंच आहे. ती स्वस्त पडते, पण बाजूने रंग फिके दिसतात आणि खालून बघितलं तर चित्र काळवंडतं. आता विचार करा, संगणक टेबलावर आणि आपण खाली सतरंजीवर. आकडे दिसणार कोणाला?

हा दोष घालवायला जपानच्या हिताची कंपनीने १९९० च्या दशकात आयपीएस प्रकारची स्क्रीन आणली. तिच्यात स्फटिक उभे-आडवे न होता काचेच्या पातळीतच फिरतात. त्यामुळे बाजूने आणि खालूनही चित्र जवळपास तसंच दिसतं. घोळक्याने बघायचं असेल तर आयपीएस घ्यावी.

दुकानात आणखी एक शब्द ऐकू येतो, एलईडी. “एलसीडी जुनी झाली ताई, ही एलईडी घ्या,” असं सांगतात. खरं तर पुढची काच तीच एलसीडीची असते, बदललाय तो मागचा दिवा. पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइट असायची, आता छोटे एलईडी दिवे असतात. जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी शोधल्यामुळे पांढरा उजेड मिळाला, आणि त्यांना २०१४ साली नोबेल मिळालं. एलईडीला वीज कमी लागते, हे खरंच. पण एलईडी लिहिलंय म्हणजे बाजूने चांगलं दिसेल असं नाही. ते टीएन की आयपीएस यावर ठरतं. ओएलईडी मात्र वेगळी. तिचा ठिपका न् ठिपका स्वतः उजळतो, आणि किंमतही तशीच जास्त असते.

आता जोडणी. आयबीएम कंपनीने १९८७ साली व्हीजीए आणलं. ही पंधरा पिनांची, बहुधा निळ्या तोंडाची वायर. तिच्यातून फक्त चित्र जातं, आवाज नाही. २००२ च्या अखेरीस एचडीएमआय ठरलं. त्याच्या एकाच चपट्या वायरमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. बहुतेक नव्या टीव्हींना मागे किंवा बाजूला एचडीएमआयची जागा असते. म्हणजे गटाच्या लॅपटॉपलाही ती असेल, तर एका वायरवर हिशेब कोणाच्याही घरच्या मोठ्या टीव्हीवर लावता येतो. नवा मॉनिटर घ्यायची गरजच नाही. संगणकाला फक्त व्हीजीए असेल तर नुसती वायर चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. दुकानात जाताना दोन्हीकडच्या जागांचे फोटो काढून न्या.

मॉनिटर घ्यायचाच झाला तर दोघीतिघी मिळून जा. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे. आकड्यांचा तक्ता स्क्रीनवर उघडायला लावा. एकीने समोर उभं राहावं, एकीने बाजूला, आणि एकीने चक्क खाली बसून बघावं. तिघींना आकडे वाचता आले, तरच गटाचे पैसे बाहेर काढा.

जुना खोल मॉनिटर घरी असेल तर तो फोडू नका, आणि फोडणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, ते मातीत आणि मुलांच्या अंगात जायला नको. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच तो द्या.

आणि पुढच्या बैठकीत सचिवताईंना एवढंच सांगा, “स्क्रीन जरा आमच्याकडे वळवा.” यात त्यांच्यावर अविश्वास नाही. हिशेब सगळ्यांनी बघितला, तर त्याची जबाबदारीही एकटीच्या डोक्यावर राहत नाही.