रॉकेट तुमचं, मोटर कोणाची?



आजचा भाग तुमच्याच एका प्रश्नावरून सुरू करतो. हा प्रश्न पुण्याहून येतो, इंदूरहून येतो, बेळगावहून येतो. आणि मी चेन्नईत राहतो म्हणून मला जरा जास्तच येतो. "मुलीला रॉकेट बनवायचं वेड लागलंय. सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्याला वाटतं, चेन्नईपासून श्रीहरिकोटा सुमारे ८० किलोमीटरवर, फटाक्यांचं शिवकाशी याच राज्यात, तेव्हा इथे छोट्या रॉकेटांचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असेल.

तसं ते मिळत नाही. का मिळत नाही, हे कळलं की सुरुवात कुठून करायची तेही आपोआप कळतं. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

बाण आणि त्याची काठी

दिवाळीत बाटलीत उभं करून उडवतो त्याला आपण 'बाण' म्हणतो. हा शब्द जुना आहे. पेशवाईच्या कागदांत लढाईच्या वर्णनात 'बाण सोडले' असं येतं, तेव्हा ते धनुष्याचे असतीलच असं नाही. अनेकदा ते दारू भरलेले अग्निबाण असतात. म्हणजे रॉकेट हा आपल्याला परका विषय नाही.

या बाणांची एक गाजलेली लढाई चेन्नईच्या जवळच झाली. १० सप्टेंबर १७८०, कांचीपुरमजवळचं पुल्ललूर. इंग्रजी पुस्तकांत याला 'पोलिलूर' म्हणतात. नाना फडणविसांनी हैदर आणि निजाम यांना जोडून इंग्रजांविरुद्ध आघाडी उभी केली होती, तो हा काळ. हैदर आणि टिपूच्या फौजेने कर्नल बेलीच्या तुकडीचा इथे धुव्वा उडवला. इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या पेटल्या, आणि त्या म्हैसूरच्या बाणांनी पेटल्या असं सांगितलं जातं.

म्हैसूरच्या बाणाचं वैशिष्ट्य म्हणजे त्याची लोखंडी नळी. कागदाची किंवा बांबूची नळी जास्त दाब सोसत नाही. लोखंडाची सोसते, म्हणून बाण लांब जातो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून स्वतःची रॉकेटं तयार केली.

आता त्या बाणाची लांब काठी लक्षात ठेवा. ती शोभेची नाही. काठीमुळे बाणाचं तोंड पुढे राहतं, तो हवेत कोलांट्या खात नाही. रॉकेटमध्ये दोनच प्रश्न असतात: ढकलायचं कसं आणि सरळ ठेवायचं कसं. पहिला धोक्याचा आहे, दुसरा डोक्याचा. हौशी रॉकेटांचा सगळा इतिहास हे दोन प्रश्न वेगळे करण्याचा इतिहास आहे.

बुटांच्या दुकानातला माणूस

१९५०च्या दशकात अमेरिकेत शाळकरी मुलं घरच्या तळघरात रसायनं कालवून, लोखंडी पाइपात ठासून रॉकेटं बनवत होती. पाइप फुटला की त्याचा बाँब होई. कोणाची बोटं गेली, कोणाचे डोळे गेले, काही जिवाला मुकले. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक वर गेल्यावर तर हे वेड आणखी पसरलं.

नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाईल नावाचे गृहस्थ होते. धंदा बुटांच्या दुकानाचा, छंद आतषबाजीचा. १९५४ मध्ये त्यांनी भावासाठी एक रॉकेट बनवलं. भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती उडवायचा आणि त्याला रॉकेट कसं चालतं ते लोकांना दाखवायचं होतं. अंग कागदाचं, पंख हलक्या लाकडाचे, धातू कुठेच नाही, आणि वर पोचल्यावर उघडणारं पॅराशूट. काठीचं काम आता शेपटीचे पंख करत होते.

१९५७ च्या सुरुवातीला त्यांनी काही नमुने जी. हॅरी स्टाईन यांना पाठवले. स्टाईन व्हाइट सँड्स या लष्करी चाचणीतळावर काम करत आणि मासिकांत लिहीत. रॉकेट कसं बनवायचं, असं विचारणारी मुलांची पत्रं त्यांच्याकडे येत, आणि मुलं जखमी होत असल्याचं त्यांना कळत होतं. कार्लाईलचा नमुना उडवून पाहिल्यावर त्यांना त्यातली खरी गोष्ट दिसली: मुलाने रॉकेट बनवायचं, मोटर मात्र त्याने बनवायची नाही. मोटर कारखान्यात बनेल, प्रत्येक सारखी, तपासलेली, एकदा वापरून टाकून द्यायची.

त्याच वर्षी स्टाईननी कंपनी काढली आणि हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. पुढच्या वर्षी व्हर्न एस्टिस यांनी मोटरी बनवणारं यंत्र तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मेबल'. ते दर काही सेकंदांना एक मोटर काढायचं.

ही मोटर म्हणजे जाड कागदाची नळी. खाली मातीचं तोंड, त्यावर दाबून बसवलेली काळी दारू, मग काही सेकंद नुसती धुमसणारी थर, आणि शेवटी पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार. ताकद अक्षरांनी सांगतात: 'ए'पेक्षा 'बी' दुप्पट, 'बी'पेक्षा 'सी' दुप्पट. पेटवायचं काडीने नाही, लांबून विजेच्या तारेने. या शिस्तीमुळे तळघरातला जीवघेणा खेळ शाळेच्या मैदानावर आला.

आपल्याकडे काय झालं?

कार्लाईल नेब्रास्कात पंख चिकटवत होते, साधारण त्याच सुमारास रामेश्वरमचा एक तरुण चेन्नईच्या क्रोमपेटमधल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विमानशास्त्र शिकत होता. अब्दुल कलाम. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, ते अमेरिकन नाइकी-अपाची होतं. २० नोव्हेंबर १९६७ ला आपलं स्वतःचं उडालं: आरएच-७५, व्यास अवघा ७५ मिलिमीटर. वसंत गोवारीकर १९६७ मध्येच थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या कामाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव आलं. मोटर हाच कळीचा भाग आहे हे आपल्या शास्त्रज्ञांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे आपल्याकडे एका टोकाला सरकारी मोटर आली, दुसऱ्या टोकाला शिवकाशीचा बाण होताच. मधली जागा रिकामी राहिली. मुलाच्या हातात देता येईल अशी तपासलेली, स्वस्त, ठरावीक ताकदीची मोटर घराघरांत पोचलीच नाही.

कायदा १८८४ चा आहे, स्फोटक पदार्थांचा. परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, मग ती शाळेच्या प्रदर्शनासाठी का असेना. हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. कायद्यावर चिडण्यात अर्थ नाही. शिवकाशीच्या स्फोटांच्या बातम्या तमिळ वर्तमानपत्रांत वाचल्या की तो का हवा हे कळतं. पण याचा परिणाम असा की उत्साही मूल व्हिडिओ पाहून फटाके सोलायला बसतं. म्हणजे १९५० च्या दशकातलं तळघर आज आपल्या गच्चीवर आलं आहे. आई-बाबांनो, आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: फटाका सोलू द्यायचा नाही.

चेन्नईत यावर एक वाट निघालेली दिसते. १९ फेब्रुवारी २०२३ ला मामल्लपुरमच्या रस्त्यावरच्या पट्टिपुलम गावातून एक रॉकेट उडालं. त्यात १५० छोटे उपग्रह होते, आणि ते घडवण्यात सुमारे ५,००० शाळकरी मुलांचा हात होता. २४ ऑगस्ट २०२४ ला जवळच्याच तिरुविडंदैहून इथल्याच स्पेस झोन इंडियाने 'रूमी-१' सोडलं. ते संकरित जातीचं, म्हणजे इंधन आणि ते जाळणारा वायू उडेपर्यंत वेगवेगळे. दोन्ही एकत्र कालवलेले नसल्याने दारूसारखा अवचित भडका उडण्याची भीती बरीच कमी. पट्टिपुलमची विभागणी नीट पाहा: आतला माल मुलांचा, मोटर जाणकारांची. कार्लाईल आणि स्टाईननी केलेली वाटणी हीच.

मग सुरुवात?

पाण्यापासून. सोड्याची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. साधी पाण्याची नको. ती दाब सोसत नाही. एक तृतीयांश पाणी भरा, रबरी बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरा, आणि लांबून दोरी ओढून सोडा. तीन-चार मजली इमारतीइतकी उंची सहज मिळते. डोळ्यांना चष्मा, बाटलीवर कोणी वाकायचं नाही, चरे पडलेली बाटली फेकून द्यायची, मोठं माणूस शेजारी हवंच. मैदान मोकळं हवं आणि विमानतळापासून लांब. चेन्नईकरांनी सकाळी लवकर जावं. दुपारी समुद्राचा वारा सुटला की रॉकेट शेजारच्या गच्चीवर जातं.

उडवण्याआधी एक परीक्षा घ्या. रिकामं रॉकेट जिथे दोऱ्यावर आडवं तोललं जातं, तिथे दोरा पक्का बांधून ते डोक्याभोवती गरगर फिरवा. तोंड पुढे ठेवून फिरलं तर पास. शेपूट पुढे आली किंवा गिरक्या घेऊ लागलं तर टोकाला थोडी माती लावा किंवा पंख मोठे करा. वजनाचा मध्य पुढे हवा, हवेच्या दाबाचा मध्य मागे. बाणाच्या काठीचं गुपित हेच होतं.

मग उंची कोनमापकाने मोजा. पाणी कमी-जास्त करून वहीत आकडे लिहा. पॅराशूट उघडायची स्वतःची युक्ती काढा. यातलं काहीही दुय्यम नाही. मोटरशिवायचं बहुतेक सगळं रॉकेटशास्त्र यात आलं. मोटरची पाळी पुढे येईल: कॉलेजात, प्रयोगशाळेत, परवान्यासह, जाणत्या माणसाच्या नजरेखाली. चेन्नईतच आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेल्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून स्वतःचं रॉकेट उडवलं, त्रिमितीय छपाईने बनवलेल्या एकसंध इंजिनावर. तिथवर जायची वाट आहे. फक्त तिची पहिली पायरी दारूची नाही.

तर मंडळी, मुलीला सांगा, रॉकेट तुझं. मोटरची घाई नको. उडवलंत की किती उंच गेलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.