जुना फोटो कोणत्या सालातला? माथेरानच्या गाडीचं उदाहरण

स्थानिक संग्रहात काम सुरू केलं की फोटोंचे गठ्ठे हाती येतात. मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं, ‘माथेरान रेल्वे, 1907’. आपण ते साल थेट प्रबंधात उचलायचं का? अजिबात नाही. ती नोंद कुणी आणि कधी केली हे कळेपर्यंत तो फक्त एक दावा असतो.

1907 हे साल का लिहिलं जातं ते उघड आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली दोन फूट रुंदीची नेरळ–माथेरान लाइन त्याच वर्षी सुरू झाली. त्यामुळे वाफेचं इंजिन दिसलं की लोक सुरुवातीचं साल चिकटवून मोकळे होतात. पण ही वाफेची इंजिनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावत होती. म्हणजे इंजिनामुळे ‘1907 च्या आधीचा नाही’ एवढंच कळतं.

म्हणून एक साल शोधू नका, दोन टोकं शोधा: फोटो कशाच्या आधीचा नाही आणि कशाच्या नंतरचा नाही. आता समजा, याच फोटोत डब्यावर ‘म. रे.’ ही अक्षरं आहेत. मध्य रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला स्थापन झाली. झालं, 1907 बाद! अलीकडचं टोक एकदम चव्वेचाळीस वर्षं पुढे सरकलं.

आता फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का आहे आणि पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. मग फोटो त्यानंतरचा का? इथेच बरेच जण घसरतात. शिक्का कागदाचं वय सांगतो, क्षणाचं नाही. जुन्या निगेटिव्हवरून वीस वर्षांनीही प्रत काढता येते. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने ठेवा: ‘फोटो काढला’ आणि ‘प्रत काढली’.

दुसरं टोक ठरवतानाही जपून. वाफ दिसते म्हणजे 1980 च्या दशकापूर्वीचाच, असं म्हणून चालत नाही, कारण पुढे दार्जिलिंगचं एक वाफेचं इंजिनही इथे आणलं गेलं. चाकं मोजा. माथेरानच्या मूळ इंजिनांना मोठ्या चाकांच्या तीन जोड्या, दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गाला दोन. तीन दिसल्या तर आपलं उत्तर असं: फोटो 1951 अखेर ते 1980 च्या दशकाची सुरुवात, प्रत 1972 नंतरची.

आणखी एक सापळा. मध्य-1950 नंतर इथे डिझेल इंजिनं आली, पण फोटोत डिझेल नाही म्हणून तो त्याआधीचा ठरत नाही. दोन्ही बराच काळ सोबत धावली. न दिसणं हा पुरावा नाही.

एवढा खटाटोप कशाला? कारण फोटोत रुळाशेजारी मजूरही उभे असतात. साल 1907 धरलं तर ते पीरभॉयांच्या खाजगी कंपनीचे कामगार ठरतात. 1951 नंतरचं धरलं तर सरकारी रेल्वेच्या काळातले. मालक बदलला की पगार, हक्क, युनियन, सगळे प्रश्न बदलतात. चुकीच्या सालामुळे त्या माणसांच्या पदरी दुसऱ्याच कुणाचा इतिहास पडतो.

तेव्हा तुमच्या टिपणात ‘सुमारे 1955’ असं मोघम लिहू नका. दोन्ही टोकं लिहा आणि प्रत्येकासमोर पुरावा लिहा. पुढच्या अभ्यासकाला तुमचं अनुमान तपासता आलं पाहिजे.