हार्ड डिस्कचे विभाजन : चौसष्ट बाइटांच्या एका तक्त्याचा इतिहास

संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसविताना हार्ड डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशन, पाडावे लागतात. हे काम बहुधा सवयीने उरकले जाते. त्यामागे काही इतिहास असावा अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. परंतु या विभागांच्या सीमा डिस्कवर कोठेही कोरलेल्या नसतात. त्या केवळ एका लहानशा तक्त्यात नोंदलेल्या असतात. हा तक्ता एक दस्तऐवज आहे. आणि तो कोणत्या काळी, कोणत्या गरजेतून व कोणत्या मर्यादा पत्करून निर्माण झाला, हे इतर दस्तऐवजांप्रमाणेच त्याच्याबाबतही विचारता येते. प्रस्तुत लेखात तोच विचार करावयाचा आहे.

प्रारंभी अशी नोंद डिस्कवर नसे. बेल प्रयोगशाळेतील ‘युनिक्स’ या प्रणालीच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत विभागांचे आरंभ व आकार डिस्क चालविणाऱ्या आज्ञावलीतच लिहिलेले आढळतात. सीमा बदलावयाची झाल्यास ती आज्ञावलीच दुरुस्त करून पुन्हा सिद्ध करावी लागे. जेथे यंत्र एक, प्रणाली एक आणि व्यवस्थापक जाणता, तेथे ही रीत पुरेशी होती.

वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात परिस्थिती निराळी होती. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला संगणक बाजारात आणला तेव्हा त्यासाठी पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यू.सी.एस.डी. पी-सिस्टीम अशा तीन प्रणाली पुढे करण्यात आल्या होत्या. १९८३ च्या मार्चमध्ये ‘एक्स.टी.’ हा संगणक १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क घेऊन आला, तेव्हा एकाच डिस्कवर परस्परांना न ओळखणाऱ्या प्रणाली कशा नांदणार हा प्रश्न उभा राहिला. सीमांची नोंद आता कोणा एकीच्या ताब्यात ठेवून भागणार नव्हते. म्हणून ती डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात, सर्वांना वाचता येईल अशा जागी ठेवण्यात आली. हा सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीसाठी व शेवटचे २ खुणेसाठी राखले गेले. मध्ये उरले ६४ बाइट. सोळा बाइटांची एक याप्रमाणे त्यांत चार नोंदी बसल्या. त्या वेळचे डॉस या चारांपैकी एकच विभाग वापरू शके, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ते चार विभाग म्हणजे एका घराच्या चार खोल्या नव्हत्या. ती चार बिऱ्हाडे होती.

डिस्क मोठ्या होत गेल्या तसा हा हेतू मागे पडला. डॉस एका विभागातील सेक्टर सोळा बिटांत मोजत असल्यामुळे विभागाचा आकार ३२ मेगाबाइटांवर जाऊ शकत नव्हता, आणि उरलेली जागा वाया जाऊ लागली. १९८७ साली डॉसच्या ३.३ या आवृत्तीने यावर तोड काढली. चारांपैकी एक नोंद ‘विस्तारित’ ठरवून तिच्या पोटात आणखी विभाग पाडावयाचे, आणि त्या प्रत्येकापुढे जुन्याच घडणीचा एक छोटा तक्ता ठेवावयाचा, अशी ही योजना होती. मूळ चौकट मोडली गेली नाही. तिच्या आत दुसरी चौकट बसविली गेली.

या व्यवस्थेला सर्वमान्य निबंधक नव्हता, याचेही परिणाम झाले. प्रत्येक नोंदीत विभागाचा प्रकार सांगणारा एक क्रमांक असतो. षोडशमान पद्धतीतील ८२ हा क्रमांक सोलारिस प्रणालीने आपल्या विभागासाठी घेतला, आणि लिनक्सने तोच आपल्या ‘स्वॅप’ विभागासाठी, म्हणजे स्मृतीतील मजकूर तात्पुरता उतरवून ठेवण्याच्या जागेसाठी, वापरला. एकीचा जतन करावयाचा मजकूर दुसरीस मोकळी जागा वाटावी, असा हा प्रसंग होता. पुढे सोलारिसने दुसरा क्रमांक स्वीकारला.

जुन्या रूढी किती चिवट असतात याचे आणखी एक उदाहरण देता येईल. एका वर्तुळपट्टीवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर मानण्याच्या पद्धतीमुळे पहिला विभाग ६३ क्रमांकाच्या सेक्टरापासून सुरू होई. विंडोज एक्स.पी.पर्यंत हीच वहिवाट चालू राहिली. २००७ सालच्या व्हिस्टापासून आरंभ २०४८ या सेक्टरावर आला. ४०९६ बाइटांचे भौतिक सेक्टर असलेल्या नव्या डिस्कवर जुनी रीत बाधक ठरते. कारण असा एक भौतिक सेक्टर म्हणजे जुने आठ, आणि ६३ ला ८ ने निःशेष भाग जात नाही. आरंभाच्या या एका आकड्यावरून डिस्क कोणत्या पिढीच्या साधनाने विभागली असावी, याचा अंदाज आजही बांधता येतो.

शेवटी नोंदीतील बत्तीस बिटांचे आकडेही अपुरे पडले. ५१२ बाइटांच्या सेक्टरांनुसार ते सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपर्यंतच पोहोचतात. इंटेलच्या ई.एफ.आय. योजनेतून पुढे आलेल्या जी.पी.टी. तक्त्याने आकडे चौसष्ट बिटांचे केले, सामान्यतः १२८ नोंदींची सोय केली, तपासणीचा आकडा जोडला आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवली. तरीही पहिल्या सेक्टरात जुना तक्ता राहिलाच. जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजू नये म्हणून त्यात संपूर्ण जागा व्यापलेली दाखविणारी एक नोंद असते. सत्ता गेली तरी गादी राहावी, तसे हे आहे.

या इतिहासाचे व्यावहारिक तात्पर्य अभ्यासकास उपेक्षिता येणार नाही. सीमा ही नोंद आहे, मजकूर नव्हे. म्हणून केवळ नोंद पुसली गेली आणि त्या जागेवर काही लिहिले गेले नाही, तर तेच आकडे पुन्हा मांडून विभाग बहुधा परत मिळविता येतो. परंतु नव्या प्रणालीने तेथे आपले लेखन सुरू केले की हा मार्ग खुंटतो. आणि सॉलिड-स्टेट डिस्कवर तर रिकामी ठरलेली जागा आतून खरोखरच पुसली जाऊ शकते. प्रणाली बसविण्यापूर्वी तक्ता वाचावा, त्याचे आकडे अन्यत्र उतरवून ठेवावेत, आपली टिपणे प्रणालीपासून वेगळ्या विभागात राखावीत. तथापि एकाच डिस्कवरील दोन विभाग म्हणजे दोन प्रती नव्हेत, हेही विसरू नये. डिस्क बिघडली की सारी बिऱ्हाडे एकदमच उठतात. म्हणून प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. वर्षानुवर्षांच्या संशोधनाची सामग्री आज या डिस्कवर आहे. दप्तर हाताळणाऱ्यास त्याची अनुक्रमणिका वाचता आलीच पाहिजे, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा जुना नियम येथेही लागू आहे.