‘गॅस संपला’ या निदानाचा इतिहास

पहाडगंजच्या गल्लीत जुना फ्रीज गार होईनासा झाला की ‘गॅस संपला’ हे निदान ठरलेले. वस्तुतः बंद नळ्यांत फिरणारा वायू वापरून संपत नाही, तो गळतो.

नव्वदीपूर्वीच्या फ्रीजमध्ये आर-१२ हे क्लोरोफ्लुरोकार्बन असे. ते पेटत नाही, विषारीही नाही. त्यामुळे गळती न शोधता वायू पुन्हा भरणे सोपे वाटे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवले, की अशा वायूंतील क्लोरीन ओझोनचा नाश करू शकतो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २०१० ची मुदत असताना आपण २००८ मध्येच, दम्याच्या फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून, उत्पादन थांबवले.

इतिहास बहुधा इथेच थांबवला जातो. खरी अडचण मात्र दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती आली. पर्यायी आर-१३४ए जुन्या कॉम्प्रेसरमधील खनिज तेलात मिसळत नाही; तेल नळ्यांत अडकते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. आयसोब्युटेन तर ज्वालाग्राही! म्हणून आधी गळती बुजवायची, फिल्टर-ड्रायर बदलायचा, निर्वात पंपाने ओलावा काढायचा. तो राहिला तर केशनलिकेच्या तोंडाशी बर्फ धरतो. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच. घरी आपण दाराचे रबर, थर्मोस्टॅट आणि मागच्या जाळीवरची धूळ पाहावी, आणि फ्रीजवरच्या पट्टीवर छापलेले वायूचे नाव तंत्रज्ञाला आधीच सांगावे.