शुद्ध हवेचा हुकूमनामा

सरकारने हुकूम काढून धूर हटवता येतो काय, आणि हटला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्न आज पुन्हा पुढे आले आहेत. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी धोरणे जाहीर होत आहेत, सवलतींच्या याद्या छापल्या जात आहेत. अशा वेळी पाव शतकापूर्वी दिल्लीत काय घडले ते नीट तपासून पाहणे उपयोगाचे आहे. एका महानगराच्या बस, रिक्षा आणि टॅक्सी ठरल्या मुदतीत नव्या इंधनावर आणण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्या देशात तेथेच झाला.

प्रकरणाची सुरुवात १९८५ सालची. वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या दूषित हवेबद्दल सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. पुढली दहा वर्षे तारखा पडत राहिल्या आणि गाड्या वाढत राहिल्या. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उपकरण सक्तीचे झाले व त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. परंतु डिझेल बसचा काळा धूर आणि रिक्षाचा तेलकट धूर तसाच राहिला. जानेवारी १९९८ मध्ये भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याच्या शिफारशींवरून २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने आपला प्रसिद्ध हुकूम दिला.

ह्या हुकमातील कलमे ध्यानात घेण्यासारखी आहेत. १९९० पूर्वीच्या सर्व रिक्षा व टॅक्सी ३१ मार्च २००० पर्यंत काढून त्यांच्या जागी स्वच्छ इंधनाच्या नव्या गाड्या आणाव्यात. शहरातील सगळ्या बस ३१ मार्च २००१ पर्यंत दाबाखालील नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालवाव्यात. वायू भरण्याचे पंप ९ होते, ते ३१ मार्च २००० पर्यंत ८० करावेत. आणि १ एप्रिल २००१ पर्यंत बसची संख्या १०,००० वर न्यावी.

पहिली दोन कलमे मुख्यतः गाडीवाल्याच्या मानेवर होती; शेवटची दोन सरकारच्या. हुकूम एकच, पण अंमलबजावणी मात्र दोन तऱ्हांची झाली. सारा इतिहास ह्या एका गोष्टीत आहे.

प्रथम वायूचे पाहू. हा वायू मुंबईजवळच्या समुद्रातील क्षेत्रांतून निघून हाजिऱ्याला येई आणि तेथून विजयपूर-जगदीशपूरच्या नळवाहिनीने उत्तरेकडे जाई. गाडीत भरताना तो हवेच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरावा लागतो. जो पंप नळवाहिनीवर आहे तेथे हे काम झपाट्याने होते. जेथे नळ नाही तेथे टाक्या ट्रकवर लादून वायू आणावा लागतो, आणि एकामागून एक गाड्या भरू लागल्या की टाकीतील दाब उतरून भरणे मंदावते. तेव्हा पंपांची संख्या पुरेशी नव्हे, नळ आणि दाब देणारी यंत्रेही हवीत. ८० पंपांची मुदत टळली. परिणामी रिक्षावाल्यांनी तासन् तास रांगा लावल्या. ज्याचे पोट दिवसाच्या फेऱ्यांवर, त्याच्या दृष्टीने रांगेतला तास हा बुडालेल्या मजुरीचा तास असतो. ही मजुरी कोणत्याही समितीच्या हिशेबात धरली गेली नाही.

मार्च २००१ संपला तेव्हा बहुतेक बस डिझेलवरच होत्या. ज्यांनी नव्या गाड्यांची मागणी नोंदवली होती त्यांना सप्टेंबरअखेर सवलत मिळाली. बाकीच्या रस्त्यावरून उतरल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीचा नोकरदार थांब्यांवर ताटकळला, लोक संतापले, बस जाळण्यापर्यंत मजल गेली. केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, इंधन कोणते ते ठरवू नये, असा तिचा अभिप्राय पडला. हे मत टाकाऊ नव्हते. परंतु वेळकाढूपणाला न्यायालय कंटाळले होते. ५ एप्रिल २००२ रोजी त्याने डिझेल बसवर दिवसाला ५०० रुपये व महिन्यानंतर १,००० रुपये दंड बसवला, आणि वायूच्या वाटपात वाहतुकीला अग्रक्रम द्यावा असे बजावले. १ डिसेंबर २००२ पर्यंत शहरातील शेवटची डिझेल बस गेली.

ह्याचा लाभ झाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बसमागून निघणारा काजळीचा लोट दिसेनासा झाला. आणि त्या काजळीत दिवसाचे दहा-बारा तास कोण बसत होते? ड्रायव्हर, कंडक्टर आणि रिक्षावालाच! म्हणून स्वच्छ इंधनाला विरोध करणे हे कामगार चळवळीचे काम असू शकत नाही. आपल्या माणसाची फुप्फुसे जाळून त्याची नोकरी राखायची, हा सौदा आपण कशाला करावा?

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९९७ साली दिल्लीतील रिक्षांची संख्या गोठवण्यात आली. हेतू धूर कमी करण्याचा. परिणाम असा की परवाना दुर्मिळ झाला आणि दुर्मिळ वस्तूचा काळाबाजार होतो. नव्या गाडीसाठी पैसा लागला, तो अनेकांनी खाजगी पैसेवाल्याकडून घेतला, आणि कर्ज थकले की परवान्याची मालकी सरकली. काल जो मालक-चालक होता तो आज भाड्याने रिक्षा चालवू लागला. ही मर्यादा २०११ मध्ये एक लाखापर्यंत वाढवली गेली, तोवर चौदा वर्षे गेली होती.

इकडे खाजगी मोटारींच्या संख्येवर मर्यादा नव्हती. २०१७ साली दिल्लीतील नोंदलेल्या वाहनांनी एक कोटीचा आकडा ओलांडला. आणि १०,००० बसचे काय झाले? २०१८ सालीही दिल्लीतील सार्वजनिक बस सहा हजारांच्या आतच होत्या. बसने वाचवलेली हवा मोटारींनी पुन्हा घेतली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

सर्वांत बोलके उदाहरण डिसेंबर २०१५ चे. न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी व त्यावरच्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. मोटार कारखानदारांनी धाव घेतली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या एक टक्का आकार घेऊन बंदी उठली. आठ महिन्यांत निकाल! जुन्या रिक्षावाल्याला मात्र एक टक्का भरून सुटका नव्हती. त्याची रिक्षा मोडीतच गेली. दोन्ही धूर एकाच हवेत मिसळतात, पण कायद्याने दोघांना दोन तराजूंत तोलले.

आता आपल्या घरचे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या तीनचाकींना आणि बसना साहाय्य आहे, ही चांगली गोष्ट. त्याच धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू ह्यांवर टोलमाफी आहे. ह्या तिन्ही रस्त्यांवर रिक्षाला प्रवेशच नाही. तेव्हा ही माफी कोणाच्या वाट्याला जाते ते सांगायला अर्थशास्त्री नको.

दिल्लीचा इतिहास आपल्याला असे सांगतो की हुकमाशिवाय धूर हटत नाही. समजुतीने तो हटला असता तर १९८५ नंतर तेरा वर्षे वाया गेली नसती. पण हुकमाची तारीख गाडीवाल्यावर जशी बंधनकारक, तशीच ती पंप बांधणाऱ्यावर, कर्ज देणाऱ्या बँकेवर आणि बस विकत घेणाऱ्या सरकारवर असली पाहिजे. आधी पंप, मग दंड. आधी बस, मग बंदी. आणि सवलतीचा पहिला पैसा त्याला, ज्याची गाडी हेच त्याचे पोट आहे. पुढचे धोरण आपल्या शहरात येईल तेव्हा त्यातील दंडाचे कलम सगळेच वाचतील. आपण नागरिकांनी सरकारवर मुदत घालणारे कलम शोधावे, आणि ते नसेल तर मागून घ्यावे.